कलापदवीचा खर्चही पाहा

कलेची आवड छंद म्हणून जपावी, पदवी मात्र नोकरीची घ्यावी, असा सल्ला देणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखकाची कळकळ मान्य. पण त्यांनी सगळ्या कलापदव्या एकाच मापाने मोजल्या आहेत. खारघरच्या ‘निफ्ट’ या फॅशन शिक्षण संस्थेत चार वर्षांचे शुल्क काही लाखांत जाते, शासकीय कला महाविद्यालयात त्यापेक्षा कितीतरी कमी लागते. धोका चित्रकलेत नसून कर्ज काढून घेतलेल्या पदवीत आहे. खासगी अभियांत्रिकीलाही हाच हिशेब लागू पडतो, तिथे मात्र तो कोणी मांडत नाही! ठाण्यातल्या मुलांना तर सीएसएमटीजवळचे ‘जे. जे.’ कला महाविद्यालय लोकलने गाठता येते, म्हणजे वसतिगृहाचा खर्चही वाचतो. लेखात याचा उल्लेख हवा होता.

– एक पालक, नौपाडा, ठाणे