पांढऱ्या फळ्यावरचं 'हार्दिक स्वागत'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली 'खडूमुक्त शाळे'ची, म्हणजे काळ्या फळ्याजागी व्हाईटबोर्ड आल्याची बातमी वाचली, आनंद आहे. फोटोत पाहुणे 7 आणि व्हाईटबोर्ड त्यांच्या फेट्यांमागे कुठेतरी वीतभर. मार्करचा खर्च कोण करणार ते मात्र बातमीत शोधून सापडलं नाही.

मी जि.प. शाळेत शिकवलंय. 1987 च्या सरकारी खडू-फळा मोहिमेतल्या फळ्यावर कित्येक वर्षं निघाली, फळ्याला वर्षातून एकदा काळा रंग मारला की झालं. मग आमच्याकडेही पांढरा फळा आला. उद्घाटनाच्या दिवशी एका हौशी कार्यकर्त्याने त्यावर मोठ्ठ्या अक्षरात 'हार्दिक स्वागत' लिहिलं, पर्मनंट मार्करने! पाहुणे गेले, स्वागत राहिलं. खोबरेल झालं, स्पिरिट झालं, शेवटी शिपायाने थिनर लावला तर फळ्याची चकाकीच गेली आणि त्या पट्ट्यात साधा मार्करसुद्धा पुसेना. नंतर भाच्याने सांगितलं की त्याच अक्षरांवर साधा बोर्ड मार्कर गिरवून लगेच पुसायचं, त्यातल्या स्पिरिटने जुनी शाई सुटते. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! वर्षभर अपूर्णांक शिकवताना पोरं विचारायची, "बाई, छेद त्या 'स्वा'च्या खाली लिहिलाय का?"

आणि मार्कर. 20-25 रुपयाला एक, टोपण उघडं राहिलं की सुकला, आणि चौथीतलं पोर टोपण लावेल ही अपेक्षाच चूक. सादिलचे, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचे पैसे यायचे तेव्हा यायचे, तोवर माझी पर्स होतीच. वर खिडकीचा उजेड फळ्यावर असा चमकायचा की भिंतीकडच्या ओळीला अर्धं गणित दिसायचंच नाही.

फायदा नाही असं म्हणत नाही. गटात 5-6 पोरं फळ्यापाशी उभी केली की चुकलेलं तळहाताने पुसून बिनधास्त पुन्हा लिहितात, भूमितीला लाल-निळ्या रेघा छान दिसतात. (तळहात मग युनिफॉर्मला, तो विषय आयांचा.) पण प्रशिक्षणात एक साहेब म्हणाले, प्रत्येक मुलाला छोटा व्हाईटबोर्ड द्या, सगळ्यांनी उत्तर एकदम वर धरायचं म्हणजे कोणाला येत नाही ते लगेच कळतं. मी म्हटलं, साहेब, याला आमच्यात पाटी म्हणतात. साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

तेव्हा पुढच्या वेळी बातमीदाराला उद्घाटनानंतर 6 महिन्यांनी पाठवा, पाहुणे नसताना. आणि जाता जाता, रविवारच्या सुडोकूचे चौकोन एवढे बारीक का केलेत? पेन्सिलीचं टोक मावत नाही हो त्यात, उत्तर तरी उलटं छापू नका.

आपली,
एक निवृत्त बाई