च, ज, झ खाली एक टिंब द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ऑक्टोबर 2024 मधे अभिजात दर्जाही मिळाला, फार आनंद झाला. पण ज्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत त्यांना वाचायला शिकवताना गाडी जिथे रोज अडते त्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र.

आपल्याकडे च, ज, झ ही अक्षरं एकच पण आवाज दोन-दोन. चंद्राचा च वेगळा, चांदणीचा वेगळा. जीवनातला ज टाळूचा, जगण्यातला दातांचा. आपण घरात ऐकून शिकलो म्हणून आपल्याला कधी प्रश्नच पडला नाही, पण नवीन माणसाने काय करायचं? दोन-चार मधला चार आणि "म्हशींना चारा चार" मधला चार, लिहायला डिट्टो सेम. आजोबा माळ घेऊन करतात तो जप आणि "तब्येतीला जप गं" मधला जप. चौपाटीवर खातो ते चाट आणि बोटाला लागलेला मध चाट. पिशवी जड असते आणि तत्त्वज्ञानातलं जड-चेतन असतं, तिथेही तेच.

माझ्याकडे शेजारची सहावीतली मुलगी मराठी वाचायला येते, घरी तमिळ बोलतात, पोरगी एकदम हुशार. "जरा जपून जा" हे वाक्य तिने तिन्ही ज जीवनातले घेऊन वाचलं. मी सांगितलं की जीभ दातांमागे लाव, तिने लगेच बरोबर म्हटलं, आणि मग पुढे "जल" आलं तर तेही दातांतूनच म्हटलं! वर विचारते, काकू हे पुस्तकात कुठे लिहिलंय? कुठेच नाही लिहिलेलं. इ, ई किंवा य लागला की आवाज टाळूकडे सरकतो, म्हणून माझा म्हणताना एक झ आणि माझी, माझ्या म्हणताना दुसरा, एवढं सांगता येतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द टाळूचे, हेही खरं, पण कुठला शब्द संस्कृतातून आला हे सहावीतल्या मुलीला कसं कळणार??

उपाय सोपा आहे, दातांच्या उच्चाराला अक्षराखाली टिंब, म्हणजे नुक्ता. च़ार म्हटलं की गुरांचं, चार म्हटलं की आकडा. काही जण म्हणतील हे हिंदी-उर्दूचं खूळ आपल्यात कशाला. अहो काश्मिरी देवनागरीत लिहितात तेव्हा ह्याच च़ ने तो आवाज दाखवतात, आणि शेजारच्या तेलुगूतही ह्या दोन आवाजांसाठी वेगळी अक्षरं आहेत, आता रोजच्या लिखाणात ती फारशी दिसत नसली तरी. आपण बॅट-बॉलसाठी चंद्र घेतलाच ना, 2009 च्या शासन निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत रीतसर बसले. इंग्रजी शब्दांसाठी एवढं केलं तर आपल्याच चुलीवरच्या, गोठ्यातल्या शब्दांसाठी एक टिंब जड का व्हावं?

आणि हे फक्त मुलांपुरतं नाहीये. फोनवरचा नकाशा बोलतो तेव्हा चाकण, जुन्नर, जळगाव ऐकून बघा, कानाला टोचतं. दृष्टिहीन विद्यार्थी तर पूर्ण पुस्तकं अशा मशीनच्या आवाजात ऐकतात, त्यांच्या कानावर कुठलं मराठी पडतंय ह्याचा विचार व्हायला हवा.

रोजच्या पेपरात, पाट्यांवर टिंब द्या असं मी म्हणत नाहीये, तिथे आहे ते चालू दे. कुठे उच्चार भागाप्रमाणे बदलतो तिथे दोन्ही चालतील असं लिहा. पण शब्दकोशात आणि अमराठी मुलांच्या पुस्तकात ते हवंच. पाठ्यपुस्तक मंडळाने निदान धड्याखालच्या शब्दार्थांपासून सुरुवात करावी, युनिकोडमधे नुक्ता आधीपासून आहे, त्यासाठी नवीन फॉन्टसुद्धा बनवावा लागणार नाही.

आपली,
एक वाचक, ठाणे