गाठीची स्लाइड गावातच राहावी : पॅथॉलॉजी लॅबसाठी सोलापूरकरांना आवाहन

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

पूर्व भागातल्या आपल्या धर्मादाय रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड, म्हणजे रुग्णाच्या गाठीचा पातळ काप लावलेली काच, स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची सोय उभी करायचे रुग्ण सहाय्य समितीने ठरवले आहे. त्यासाठी तुमचा हातभार हवा आहे.

आज काय होते ते आधी सांगतो. तोंडात महिनोन् महिने न भरणारी जखम, स्तनातली किंवा मानेतली गाठ घेऊन माणूस येतो. विड्या वळणाऱ्या बाया येतात, यंत्रमागावरचे कामगार येतात, अक्कलकोट-मोहोळकडचे शेतमजूर येतात, तुळजापूर आणि इंडीकडूनही लोक येतात. तंबाखू, मावा, मिश्री आपल्याकडे घराघरांत आहे, हे तुम्हाला सांगायला नको. बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेला, तुकडा तपासून बहुतेकांचे निदान इथेच होते. पण काही तुकडे असे असतात, की त्या अवयवाचा खास अभ्यास असलेल्या तज्ज्ञाचे मत घ्यावे असे आमच्या डॉक्टरांना वाटते. मग स्लाइड आणि उरलेला तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक डबीत घालून नातेवाइकाच्या हाती दिला जातो आणि तो पुण्या-मुंबईची गाडी धरतो. तिथे नंबर लावायचा, कुठेतरी मुक्काम करायचा, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडवायची. एका मुलाच्या पिशवीत आईची स्लाइड तडकली. सुईने काढलेला तुकडा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा, ब्लॉकमध्ये पुन्हा कापण्याजोगे काही उरलेच नव्हते. त्या माउलीला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली.

स्कॅनर आला की काच इथेच राहील आणि तिचे चित्र तज्ज्ञाकडे जाईल. हे मोबाइलने काढलेल्या फोटोसारखे चित्र नव्हे. ४० पटीच्या स्कॅनमध्ये साधारण पाव मायक्रॉनला एक टिपका पडतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तुकडा १५ मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असला तर ६०,००० गुणिले ६०,०००, म्हणजे ३६० कोटी टिपके झाले. तज्ज्ञ आपल्या टेबलावर बसून ते चित्र सरकवतो, हवे तिथे मोठे करतो, शंका येईल तिथे खूण करतो आणि आमचे डॉक्टर त्याच वेळी फोनवर त्याच्याशी बोलू शकतात. चित्रासोबत रुग्णाचे नाव जाणार नाही, फक्त क्रमांक जाईल.

यातून काय होणार नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, मुरायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, ३-४ मायक्रॉन जाडीचा कापायचा, कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा, रंगवायचा, यातले काहीच टळत नाही. उलट स्कॅनिंगचे एक काम वाढते. आणि स्कॅनर फार काटेकोर असतो. कापताना घडी पडली, कव्हरस्लिपखाली, म्हणजे वर झाकलेल्या पातळ काचेखाली, हवेचा बुडबुडा राहिला, तर माणसाचा डोळा सांभाळून घेतो. यंत्र त्या जागी धूसर चित्र काढते. ती काच चिकटवायचे माउंटिंगचे द्रव्य वाळायच्या आत स्लाइड आत सरकवली तर ती चिकटून बसते. म्हणून आमच्या टेक्निशियन ताईंनी आतापासूनच प्रत्येक स्लाइड उजेडासमोर धरून, कडा पुसून ठेवायला सुरुवात केली आहे. त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च आम्ही यंत्राइतकाच महत्त्वाचा मानतो.

इथेच आमची खरी विनंती आहे. यंत्रासाठी देणगीदार पुढे येतात, त्यावर नावाची पाटी लागते, आणि लागावीही. पण बारकोडची लेबले, लेबल छापायचे प्रिंटर, साठवणुकीच्या डिस्क आणि त्यांची दुसरी प्रत, यूपीएस, चांगला पडदा, वेगवान इंटरनेट, दरवर्षीचा देखभालीचा करार, यांवर पाटी लावायला जागा नसते. एकेका स्लाइडची फाइल एक-दोन जीबीपर्यंत जाते, डिस्क बघता बघता भरतात. बारकोड तर आधी हवा. मागावर धागा तुटला की तिथल्या तिथे सांधतात, अख्खे ठाण निघाल्यावर नाही. तसेच एकाचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये याची काळजी तुकड्याची बाटली लॅबच्या दारात येते तेव्हाच घ्यावी लागते. देणगी देताना ‘जिथे गरज असेल तिथे वापरा’ असे लिहून दिलेत तर आमच्यावर मोठे उपकार होतील.

यंत्र आले म्हणून लगेच त्यावर निदान सुरू करणार नाही. औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये अशा पद्धतीला प्राथमिक निदानासाठी पहिली परवानगी दिली, तेव्हा हे तंत्र आता नवखे नाही. तरी प्रत्येक लॅबने आपल्यापुरती खात्री करून घ्यायची असते. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या तिथल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे किमान ६० केसेस सूक्ष्मदर्शकाखाली आणि पडद्यावर अशा दोन्ही तऱ्हांनी बघायच्या, दोन्हींत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवायचे आणि निदान जुळते का ते तपासायचे. आम्ही तसेच करणार आहोत. ते जुळेपर्यंत अहवाल काचेवरूनच निघतील.

वस्तुरूपानेही मदत चालेल. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि धूळही कमी नाही, त्यामुळे स्कॅनरच्या खोलीला एसी, घट्ट बसणारी दारे-खिडक्या आणि वेगळे वायरिंग लागेल. इलेक्ट्रिशियन, सुतार, ॲल्युमिनियमचे काम करणारे यांनी दोन-चार दिवस दिले तरी पुष्कळ. संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींनी जुन्या नोंदी क्रमांकवार लावायला यावे. रुग्णांची माहिती बाहेर न सांगण्याच्या हमीपत्रावर त्यांना सही करावी लागेल.

देणगी रुग्णालयाच्या कार्यालयात स्वीकारली जाईल. २,००० रुपयांवरची रक्कम कृपया चेकने किंवा ऑनलाइन द्यावी, आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. यंत्रांची कोटेशन कार्यालयात बघायला मिळतील. जमा-खर्च दर महिन्याला बाह्यरुग्ण विभागासमोरच्या फलकावर लावू. कोणाला आधी लॅब बघायची असेल तर कार्यालयात सांगून या. टेक्निशियन ताई मायक्रोटोमवर तुकडा कसा कापतात ते दाखवतील.

आपली,
रुग्ण सहाय्य समिती, सोलापूर