बारा नावांचा कागद

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "मी गावात नसताना त्यांनी फिर्यादीत माझं नाव घातलं, आणि तुम्ही त्यांच्या पोराचं नाव गाळलंत. आण्णा, तुम्ही नक्की कोणाचे?" ते फार लागलं. फोनवर मला सुचत नाही, म्हणून सावकाश लिहितो आहे. शेवटपर्यंत वाच.

निवडणूक निकालाच्या गुलालाच्या दिवशी संध्याकाळी मी ग्रामपंचायतीच्या कट्ट्याजवळच होतो. नानाच्या डोक्यात कोयता बसला तो माझ्यापासून चार हातांवर. कोयत्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, तेसुद्धा मी जबाबात सांगितलंय. नानाला चौदा टाके पडले. मारणारा, नानाचे हात धरणारे दोघं आणि काठी घेऊन वाट अडवणारा एक, असे चौघं मी नीट ओळखले. त्या चौघांची नावं फिर्यादीत दिली. बाकी गर्दी होती, धूळ होती, गुलालाने सगळ्यांची तोंडं सारखीच झाली होती.

रात्री दीड वाजता पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात आपल्या पॅनेलची मंडळी जमली. एकाने वहीचं पान फाडून बारा नावं लिहून आणली होती. त्यात पाचवं नाव तुझ्या वर्गमित्राचं, तोही त्या दिवशी पुण्यातच होता. म्हणाले, "घरातला एकही पोरगा बाहेर ठेवायचा नाही, म्हणजे आपोआप मिटवायला येतील." तो कागद मी घडी करून खिशात घातला. माझ्या शर्टावर नानाचं रक्त होतं आणि मला कळत होतं की आता आपलेच लोक तुटणार. तसंच झालं. नाना अजून माझ्याशी बोलत नाही. आई त्याला जेवण नेऊन देते, डबा घेतो, पण माझं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतो.

त्यांनी दुसऱ्या दिवशी उलट फिर्याद दिली. अकरा नावं, तू नववा.

बाळा, 1998 ची केस तुला वरवर माहीत आहे. मी सायकलवर दळण घेऊन येत होतो, पोचलो तेव्हा मारामारी संपली होती. फिर्यादीत सतरा जणांची नावं आणि मी अकरावा. कलमं 147, 148 म्हणजे दंगल, 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न, आणि 149. मी कोणाला मारलं असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदेशीर जमाव ठरला की त्या जमावाच्या सामायिक उद्देशासाठी एकाने केलेला वार सगळ्यांच्या माथी येतो, ते हे 149. जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत नंबर बदलले, 307 चं 109 झालं आणि 149 चं 190, पण दुखणं तेच.

मी पोलीस भरतीत मैदानी पास झालो होतो. केस लागली आणि ते तिथेच राहिलं. जामिनाला तुझ्या आजोबांनी सातबारा दिला, वकिलाच्या फीपायी विहिरीकडचा अर्धा एकर गेला. नऊ वर्षं तारखा. तू जन्मलास त्या दिवशीही तारीखच होती. मी कोर्टाच्या बाकावर पुकाऱ्याची वाट बघत होतो आणि मुलगा झाल्याचा निरोप समोरच्या चहाच्या टपरीवर आला. पेढे घ्यायला खिशात एसटीच्या भाड्यापलीकडे काही नव्हतं.

शेवटी आम्ही सगळे सुटलो. ज्याने खरंच कुऱ्हाड घातली होती, तोही सुटला. सतरा नावं कोंबलेली, म्हणून उलटतपासणीत साक्षीदारांना कोण कुठे उभं होतं ते सांगता येईना, आणि खऱ्यावरचाही विश्वास उडाला. जखमी माणूस तेव्हा पायरीवर बसलेला मी पाहिला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. नानाच्या वाट्याला तसा निकाल यायला नको म्हणून मी चारच नावं दिली. चौघांवर मी कोर्टात छातीठोक बोलू शकतो. बाराव्या नावावर मी अडखळलो असतो, आणि त्यांच्या वकिलाने तिथेच धरलं असतं.

आमचे तेव्हाचे वकील साताऱ्याचे. साताऱ्यातच जन्मलेल्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांचा 1964 चा निकाल त्यांना पाठ होता. उत्तर प्रदेशातल्या एका गावात दोन गटांच्या वैरात पाच खून झाले होते, मसालती खटला म्हणतात त्याला. जमाव मोठा असेल तर एकाच साक्षीवर न जाता दोन-तीन साक्षीदारांचं म्हणणं जुळतं का ते बघावं, ही कसोटी त्यात आहे. पण माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच. फाशी झालेल्यांत तिघं तरुण पोरं होती. घरातल्या मोठ्यांच्या दबावाने ती जमावात गेली असावीत, असं म्हणून कोर्टाने त्यांची फाशी जन्मठेपेवर आणली. मोठ्यांच्या भांडणात पोरं ओढली जातात हे सर्वोच्च न्यायालयाला दिल्लीत बसून दिसलं, मग मला व्हरांड्यात उभं राहून दिसू नये का? तुझ्या त्या वर्गमित्राची आई आपल्या आईबरोबर एकाच पाणवठ्यावर धुणं धुवायची.

आता तुझं. घाबरू नकोस आणि लपूही नकोस. कंपनीच्या हजेरी मशिनची त्या दिवसाची नोंद शिक्क्यासह मागून घे. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवा असा लेखी अर्ज आजच दे आणि पोच घे. तू तिथे नव्हतास हे आपल्यालाच दाखवावं लागेल. अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन कोर्टात टाकतोय. कोर्टाने हजेरीची, तालुक्यात न येण्याची अट घातली तर ती तंतोतंत पाळायची. केस चालू असेपर्यंत पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी लागेल, तेही वकिलांना सांगून ठेवलंय. आणि तो कोयत्याचा फोटो स्टेटसवरून काढ. आज काढ. तुझ्या मित्रांनी ठेवला असेल तर त्यांनाही सांग.

वर्गमित्र भेटला तर त्याच्याशी भांडू नकोस. तुझं नाव त्याने दिलेलं नाही.

बुधवारी पहाटेच्या एसटीने ये, पण फाट्यावर उतरू नकोस, थेट सातारा स्टँडला ये. आधार कार्ड आणि पगाराच्या स्लिपा आण. मी चौकशीच्या खिडकीपाशी थांबतो. आई भाकरी बांधून देणार आहे, तेव्हा वाटेत काही खाऊ नकोस.

तुझे आण्णा