सॅन्क्शन म्हणजे मंजुरी, आणि बंदी पण

संपादक साहेब, नमस्कार,

मी सोलापुरात विजापूर वेशीजवळ घरीच इंग्रजीची ट्युशन घेते, पोरं बहुतेक उर्दू मीडियमची. मागच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीला इंग्रजी हेडलाइन वाचायला दिली, अमेरिकेने इराणवर सॅन्क्शन्स लावले अशी, तर तिनं अर्थ लिहिला की अमेरिकेने इराणला मंजुरी दिली. मी चूक म्हटलं तर म्हणते, "मॅडम, अब्बा का लोन भी तो सॅन्क्शनच हुआ था ना." (हा "च" आपल्या मराठीचाच बरं का, दख्खनी बोलणाऱ्यांनी कधीच आपलासा केलाय.) आता पोरीचं काय चुकलं सांगा, वहीत एका शब्दापुढं एकच अर्थ लिहून दिलेला, मंजुरी, आणि घरीपण तेच कानावर पडलेलं.

दोन्ही अर्थ खरे आहेत. मूळ लॅटिन शब्दात कायद्यानं किंवा धर्मानं एखादी गोष्ट पक्की करणं असा भाव आहे, त्यातूनच एकीकडं अधिकृत परवानगी आली आणि दुसरीकडं कायदा मोडला तर होणारी शिक्षा. लोन, रजा, पोस्ट सॅन्क्शन होते तिथं मंजुरी. पण एखाद्या देशावर लावतात, आणि शब्द बहुतेक अनेकवचनात येतो, तिथं उर्दूत पाबंदियां, आपल्याकडं निर्बंध. २०१८ ला अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली तेव्हा इराणवर परत लावले ते हेच, २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियावर लावले ते पण हेच. मी पोरांना सांगते की शब्दाच्या मागंपुढं बघा, "ऑन" आणि देशाचं नाव दिसलं की मंजुरी विसरा.

आणि मराठीतून अर्थ सांगितला की उर्दूवाल्या पोरांना आपोआप कळतो असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये. मंजूर, अर्ज, तारीख, वकील हे शब्द दोन्हीकडं आहेत म्हणून आपण बिनधास्त राहतो, पण रेझिग्नेशनला मी एकदा राजीनामा सांगितलं आणि पोरांनी समझोता लिहिला, कारण उर्दूत राज़ीनामा म्हणजे तडजोडच, आपल्या राजीनाम्याला ते इस्तीफ़ा म्हणतात. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, त्यांच्याकडं शिकस्त म्हणजे हार. आपलं खाली म्हणजे खालच्या बाजूला, त्यांचं ख़ाली म्हणजे रिकामं. दोष माझाच होता, मी आधी विचारायला पाहिजे होतं, तेव्हापासून विचारते.

म्हणून विनंती आहे, पेपरात मुलांसाठी इंग्रजी शब्द छापता तेव्हा नुसता एक अर्थ नको, दोन छोटी वाक्यं द्या आणि जमलं तर उर्दू अर्थ पण देवनागरीत द्या. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांचं गाव आहे आपलं, माझ्याकडची पोरं तर तो कोपरा कापून वहीत चिकटवतात.

आपली वाचक,
एक ट्युशन टीचर, सोलापूर