आधी दारू सोड मग बघू, हे म्हणणं आता तरी थांबवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दारूच्या व्यसनावरचा तुमचा लेख वाचला, चांगला होता पण सगळा भर इच्छाशक्ती, घरच्यांचा पाठिंबा, चांगली संगत यावरच, आणि जी गोष्ट आमच्या घरात आम्ही काही वर्षं बघितली तिचा त्यात एका ओळीचाही उल्लेख नाही म्हणून हे लिहितेय. पिणाऱ्यांमध्ये असे बरेच जण असतात ज्यांच्यासोबत आधी काहीतरी भयंकर घडून गेलेलं असतं. अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, लहानपणीचा छळ, डोळ्यांदेखत गेलेला माणूस. प्रसंग संपतो पण डोक्यातून जात नाही. याला पीटीएसडी म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार म्हणतात आणि हे काही आत्ता इंटरनेटवर निघालेलं फॅड नाही, अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० सालीच आजारांच्या यादीत ते घातलंय.

माझ्या मोठ्या भावाचा मित्र गाडीच्या अपघातात भावाच्या शेजारच्या सीटवर गेला आणि भाऊ वाचला. आधी कधीमधी घ्यायचा, नंतर रोजची झाली. मध्यरात्री घामाघूम होऊन उठायचा, रस्त्यावर कोणी करकचून ब्रेक दाबला की हातातलं सगळं खाली. दारू घेतली की झोप लागायची, म्हणजे त्याच्या हिशोबाने ते औषधच होतं ना! व्यसनमुक्ती केंद्रात सांगितलं की आधी काही महिने दारूशिवाय काढा, अपघाताचं आत्ता उकरून काढलं तर पुन्हा प्यायला लागेल. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो तर ते म्हणाले आधी दारू सुटू दे, पिणाऱ्यावर थेरपी करून उपयोग नाही. अशी टोलवाटोलवी, आणि मध्ये माणूस ना घरचा ना घाटाचा.

आता यात गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की दारू तो त्रास खरंच कमी करते, पण दोन-चार तासांपुरता. झोप पटकन लागते, मात्र ज्या झोपेत स्वप्नं जास्त पडतात ती दारू आधी दाबून ठेवते आणि रात्री उशिरा दारू उतरायला लागली की तीच झोप उसळून येते, मग भयंकर स्वप्नं आणि झोपमोड. सोडायला जावं तर अजून पंचाईत, कारण दारू बंद केल्यावर जे होतं म्हणजे घाम, धडधड, थरथर, झोप न येणं, दचकणं, ते जवळपास पीटीएसडीसारखंच दिसतं. त्या माणसाला वाटतं जुनं सगळं परत आलं आणि तो बाटलीकडे वळतो, आणि घरचे म्हणतात बघा याला सोडायचीच नाही.

इथे एक सांगायलाच हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्याघरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जिवावरही बेतू शकतं. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं, तिथे थोडे दिवस शांत करणाऱ्या गोळ्या देतात, थायमिन म्हणजे बी-१ देतात. पण त्या शांत करणाऱ्या गोळ्या तेवढ्यापुरत्याच. नंतर 'झोपेसाठी' म्हणून महिनोन्महिने चालू राहिल्या तर त्यांचंही व्यसन लागतं, दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि पीटीएसडी त्यांनी बरा होत नाहीच.

मग उपाय काय तर दोन्हीवर एकाच वेळी उपचार, आणि हे मी मनाने सांगत नाहीये. २०१३ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या टीमचा अभ्यास आला, दारूचं व्यसन आणि पीटीएसडी दोन्ही असलेले १६५ लोक. काहींना नाल्ट्रेक्सोन नावाची दारूची ओढ कमी करणारी गोळी, काहींना अनुभवाला सामोरं जायची थेरपी, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही, साधं समुपदेशन मात्र सगळ्यांना. गोळीवाल्यांचे पिण्याचे दिवस जास्त कमी झाले. आणि ज्याची सगळ्यांना भीती असते ते झालंच नाही, थेरपीत जुनं उकरल्यामुळे पिणं वाढलं असं दिसलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी ऑस्ट्रेलियातला १०३ जणांचा अभ्यास आला, त्यात दारूच नाही तर बाकी नशा करणारेही होते. तिथे एका गटाला एकत्र उपचार आणि दुसऱ्याला फक्त नेहमीचेच, त्यात एकत्र उपचाराने पीटीएसडीचा त्रास जास्त कमी झाला. खरं सांगायचं तर नशेच्या बाबतीत दोन्ही गटांत फार फरक पडला नाही, म्हणजे ही काही जादू नाही, पण नुकसानही झालं नाही हे तर दिसलं. कुठल्या आजारावर काय उपचार करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच लिहिलंय की केवळ दारू किंवा ड्रग्ज घेतो म्हणून कोणाला पीटीएसडीच्या उपचारातून वगळू नका. मग आपल्याकडे दारातूनच परत का पाठवतात?

ती थेरपी लोकांना वाटते तशी नुसती रडारड नसते. आधी दोन-तीन भेटी विश्वास बसण्यात जातात, दारूची तल्लफ आली की काय करायचं हे ठरतं. मग डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा, 'मी गाडीत बसलोय, समोरून लाइट येतोय' असा, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं, परत परत. सोबत टाळत आलेल्या गोष्टींची पायरी पायरीने यादी. माझ्या भावाला ही शेवटी दुसरीकडे मिळाली, त्याची पहिली पायरी होती बंद गाडीत शेजारच्या सीटवर नुसतं बसणं. हसू येईल वाचून, पण त्याला घाम फुटला होता. मध्येच सोडून जाणारेही खूप असतात, आणि एखाद्या दिवशी तो पिऊन आला तर उपचार बंद करण्याऐवजी काय झालं होतं ते विचारायचं असतं. आमच्याकडे दोनदा तसं झालं, काही आकाश कोसळलं नाही.

गोळ्यांबद्दल थोडं. नाल्ट्रेक्सोन लिव्हरची तपासणी करून देतात आणि ओपिऑइड म्हणजे अफूच्या प्रकारची पेनकिलर चालू असेल तर चालत नाही. पीटीएसडीसाठी सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं वापरतात. सगळं डॉक्टरांना विचारूनच. आणि ते डायसल्फिराम, 'दारू सोडवायची गोळी' म्हणून घरचे न सांगता जेवणात मिसळतात ना, कृपा करून तसं करू नका!! वरून दारू घेतली तर उलट्या होतात, बीपी पडतं, जीवही जाऊ शकतो, आणि आधीच कोणावर भरवसा न ठेवणाऱ्या माणसाला हे कळलं तर पुढे कोणाचं औषध घेणार आहे तो.

तुम्हाला विनंती एवढीच की आरोग्य पुरवणीत दोन छोट्या प्रश्नावल्या मराठीत छापा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट, दहा प्रश्न, दारूसाठी. आणि पीटीएसडीची प्राथमिक तपासणी, पाचच प्रश्न, भीतीदायक स्वप्नं पडतात का, त्या आठवणी टाळता का, सतत सावध असता का, तुटल्यासारखं वाटतं का, अपराधी वाटतं का. यातून निदान होत नाही, ते डॉक्टरच करणार, पण केंद्रात नाव नोंदवतानाच कोणी हे पंधरा प्रश्न विचारले असते तर आमची बरीच वणवण वाचली असती. आणि जमलं तर ज्या केंद्रांत दोन्ही उपचार एकाच छताखाली होतात त्यांची यादीही द्या, शोधताना जीव जातो.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये, भावाला अजून ऑफिसमध्ये सांगायचंय)