मुलांना ओरडू द्या की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमचा हौशी नाटकवाल्यांचा लहानसा ग्रुप आहे. बँकेतून निवृत्त झालेले दोघे (त्यातला एक मी), एक शाळामास्तरीण, एक औषधाचे दुकानदार आणि कॉलेजची चार पोरं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट बसवली. म्हातारी मी. वय ६३. त्यापायी बत्तीस वर्षांची मिशी उतरवली.

‘म्हातारी पुरुषाने का केली?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. ज्या गावात १९६८ पासून बालगंधर्वांच्या नावाचं नाट्यगृह उभं आहे, तिथे हा प्रश्न यावा! तमाशातली मावशी तरी कोण असते? पण खरं सांगायचं तर कल्पना सुचली ती लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो तेव्हा. तिथे नाताळात परीकथांचे ‘पँटोमाइम’ लागतात. आपल्याकडे पँटोमाइम म्हणजे मूकनाट्य. तिथे मात्र नुसता गोंगाट. लुगड्यातली, म्हणजे तिथल्या झग्यातली, बाई पुरुषच असतो. खलनायक मागून आला की अख्खं थिएटर ‘मागे बघ, मागे!’ म्हणून बोंबलतं आणि तिला नेमका तो दिसत नाही. नातू घसा बसेपर्यंत ओरडला. मीही ओरडलो.

तेच आम्ही इथे करायला गेलो. भोपळ्याला बुरूड आळीतून कामट्या आणल्या, वर केशरी कापड ताणलं. लेकीकडची तूपरोटी खाऊन आल्यावर लुगड्याच्या आत दोन उशा. तालमीत सगळं चोख झालं होतं.

प्रयोगाला वाघ माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी प्रेक्षकांना विचारलं, ‘बाळांनो, वाघोबा कुठे दिसला का रे?’

चिडीचूप.

तिसऱ्या रांगेतली एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहिली. ‘आज्जी, तुझ्या मागे...’ एवढं बोलते तोच आईने फ्रॉक ओढून तिला खाली बसवलं. ‘शूऽऽ! नाटक चालू आहे ना?’ बाकीचे पालक मोबाईल वर धरून शूटिंगमध्ये. मी पुन्हा विचारलं. वाघ स्पंजच्या मुखवट्यात घामाने निथळत होता. शेवटी बिचारा स्वतःच म्हणाला, ‘आजी, मी मागे आहे.’ हशा झाला, पण तो मोठ्यांचा.

यात आमचीही चूक आहे, ती लपवत नाही. तिसऱ्या घंटेआधी आम्ही सवयीने नेहमीचीच टेप लावली होती: ‘शांतता राखून सहकार्य करावे, लहान मुले रडल्यास त्यांना बाहेर न्यावे.’ बालनाट्याला! तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

पुढचा प्रयोग धायरीत एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाला. टेप नाही, खुर्च्या नाहीत, पालक मागे उभे. तिथे पोरांनी असा काही कल्लोळ केला की माझी निम्मी वाक्यं कोणाला ऐकू गेली नाहीत. एकाने वाघाला चप्पल फेकून मारली. (ती परत केली.) ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणायला तर मला तोंडच उघडावं लागलं नाही.

पुणेकर प्रेक्षक शिस्तीचा, याचा मलाही अभिमान आहे. गंभीर नाटकात मागे कोणी वेफर्सचं पाकीट फोडलं तर मीच वळून बघतो. पण पालकहो, बालनाट्याला ती शिस्त घरी ठेवून या. संपादक महाशय, आपल्या ‘आजचे कार्यक्रम’मध्ये बालनाट्याच्या वेळेखाली ‘मुलांनी ओरडल्यास हरकत नाही’ एवढी ओळ छापता आली तर बघा.

आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीच्या आईने हे पत्र वाचलं, तर तिला एवढं जरूर सांगावं: वाघ खरोखरच मागे होता, आणि आजीला तिचं ऐकू आलं होतं.

– एक हौशी म्हातारी, पुणे ३०